होमबिल्ट विमानाचं पॅनेल करताय? आधी पुठ्ठा कापा, पत्रा नंतर

स्वतः विमान (होमबिल्ट) बांधताना पंखांना रिव्हेट मारून मारून माणूस वैतागतो, पण पॅनेलची, म्हणजे पायलटसमोरच्या उपकरणांच्या फळीची, वेळ आली की तोच माणूस दिवाळीत फटाक्यांच्या दुकानात शिरलेल्या पोरासारखा वागायला लागतो, हा स्क्रीन पाहिजे, तो स्क्रीन पाहिजे, आणि मग सगळं विकत घेऊन झाल्यावर विचार करतो की आता बसवू कुठे. मीही तेच केलं होतं. मी टेक्सासमध्ये आरव्ही-७ नावाचं छोटं किट विमान बांधतोय, दोन सीट शेजारी-शेजारी, पायलट डावीकडे, त्यामुळे उदाहरणं त्याचीच देतो. गावाकडे मी हे सांगितलं की लोक लगेच म्हणतात, ते कांदिवलीला गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव, तसंच का? हो बाबा तसंच, फक्त माझं लहान आहे, आणि पॅनेल तर विमान केवढंही असलं तरी चुकू शकतं.

तर पहिलं काम, खरेदी नाही. एका कागदावर लिहा की तुम्ही नक्की कसं उडणार. फक्त दिवसा, चांगल्या हवेत, की रात्रीही, की ढगातून नुसती उपकरणं बघून, म्हणजे आयएफआर? अमेरिकेत नियम ९१.२०५ मध्ये कशाला काय लागतं त्याची यादी आहे. दिवसासाठी एअरस्पीड, अल्टिमीटर, होकायंत्र, इंजिनाचा टॅकोमीटर, ऑइलचं प्रेशर आणि टेम्परेचर, प्रत्येक टाकीचा फ्युएल गेज वगैरे. खरं तर हा नियम स्टँडर्ड सर्टिफिकेटवाल्या विमानांसाठी आहे, आपल्या एक्स्पेरिमेंटलला, म्हणजे स्वतः बांधलेल्या विमानाला, तो ऑपरेटिंग लिमिटेशन्समधून, म्हणजे विमानाला घातलेल्या उडण्याच्या अटींमधून लागतो, म्हणजे रात्री किंवा आयएफआर उडायचं असेल तेव्हा, पण दिवसावाल्यांनीही तीच यादी धरून चालावं असं माझं मत आहे. शिवाय १ जानेवारी २०२० पासून मोठ्या विमानतळांच्या आसपासच्या हद्दीत एडीएस-बी आऊट (विमान कुठे आहे ते सतत कळवणारं यंत्र) लागतं, त्याची जागा आत्ताच धरा. यादीत नसलेली प्रत्येक वस्तू लिहिताना समोर लिहा, "ही नसेल तर काय अडेल?" माझी अर्धी यादी तिथेच गळाली.

आता पुठ्ठा. फ्रिजच्या खोक्याचा घ्या, तो ताठ असतो. पॅनेलच्या आकारात कापा, प्रत्येक उपकरणाचं चित्र खऱ्या मापात प्रिंट करा, कापा, आणि मागे दुमडलेला टेप लावून चिकटवा म्हणजे शंभरदा हलवता येतं. प्रिंट काढताना "फिट टू पेज" बंद करा, मी केलं नव्हतं, माझं ३ १/८ इंचाचं गोल भोक कागदावर ३ १/३२ आलं आणि मी दोन आठवडे खुशीत होतो की वा, किती जागा उरतेय. पट्टी लावून मोजल्यावर सगळं मुसळ केरात.

मग पुठ्ठा विमानात लावा आणि बसा. नुसतं बसू नका, उडताना बसता तसं बसा, बूट घालून, हेडसेट घालून, खांद्याचे पट्टे आवळून. पट्टे आवळले की हात किती आखूड होतो ते तेव्हा कळतं. शेजारी कुणाला तरी बसवा आणि डोळे मिटून घ्या, ते ओरडतील "फ्लॅप!" "रेडिओ!" "फ्युएल पंप!" आणि तुम्ही हात लावायचा. माझी बायको बसली होती, पाच मिनिटांत म्हणाली, "अरे तुझं ठीक आहे, पण हा खालचा बॉक्स माझ्या गुडघ्यात घुसतोय." बॉक्स वर गेला.

हात पोचण्याला मी एवढं का महत्त्व देतो, तर एक अपघात सगळ्या बांधणाऱ्यांनी वाचायला हवा. १२ ऑक्टोबर १९९७, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बेजवळ गायक जॉन डेनव्हर लाँग-ईझेड नावाच्या होमबिल्ट विमानात गेला. विमान त्याने बांधलेलं नव्हतं, विकत घेतलेलं होतं. मूळ प्लॅनमध्ये फ्युएल सिलेक्टर, म्हणजे कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं तो कॉक, पायलटच्या पायांमध्ये होता, बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला. तिथे पोचायला अंग वळवावं लागायचं आणि वळताना उजवं रडर (विमानाचं नाक वळवणारं पायाचं पेडल) नकळत दाबलं जायचं. अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीच्या अहवालात कारण म्हणून हेच आलं, त्याच्या जोडीला कमी पेट्रोल, खुणा नसलेला कॉक, खुणा नसलेले गेज. सगळं मिळून एक लेआऊटचाच प्रश्न. म्हणून पॅनेल आखताना फक्त पत्रा बघू नका, सीटवरून हात जाईल ते सगळंच पॅनेल समजा, मधला बोगदा, सिलेक्टर, ट्रिम, सगळं.

पुढचा मुद्दा शेजारी-शेजारी सीटवाल्यांसाठी. डावीकडे बसलात की स्टिक (विमान वळवायची दांडी) डाव्या हातात आणि थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा) उजव्या हातात, बरोबर? म्हणजे मोकळा होऊ शकणारा हात उजवा. तर उडताना लागणारं सगळं, रेडिओ, फ्लॅप, फ्युएल पंप, मधल्या भागात ठेवा. डाव्या कोपऱ्यात फक्त जमिनीवर एकदा चालू करून विसरायचे ते स्विच. मी आधी पंपाचा स्विच डावीकडे ठेवला होता कारण तिथे "छान दिसत होता", आणि पुठ्ठ्यावर बसून लँडिंगची नक्कल केली तर दर वेळी स्टिक एका हातातून दुसऱ्या हातात द्यावी लागत होती, तीही जमीन जवळ असताना. थ्रॉटल काळा, प्रोपेलर निळा, मिक्स्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण) लाल, डावीकडून उजवीकडे ह्याच क्रमाने, इथे कलाकारी करू नका, दुसरा कुणी पायलट बसला तर त्याचा हात सवयीने जाणार.

स्विच सगळे एकसारखे एका ओळीत लावले की फोटोत भारी दिसतात आणि धक्क्यात चुकीचा दाबला जातो. लाइटवाले वेगळे, इंजिनवाले वेगळे, मध्ये बोटभर जागा, वर म्हणजे चालू, आणि जो चुकून बंद झाला तर इंजिन थांबेल त्याला झाकण.

मुख्य स्क्रीन पॅनेलच्या मध्यावर नाही, तुमच्या नाकासमोर हवा. स्पीड डावीकडे, क्षितिज मध्ये, उंची उजवीकडे ही मांडणी गोल डायलच्या काळापासून चालत आलीये, डोळ्यांना तीच सवय. बॅकअप म्हणून स्वतःची बॅटरी असलेलं छोटं उपकरण घ्या आणि मोठ्या स्क्रीनला खेटून लावा. काही जण ते पॅसेंजरच्या बाजूला सरकवतात, "तेवढीच जागा होती". स्क्रीन गेल्यावर ढगात मान वळवून बघणार का?

आता पॅनेलच्या मागे वाका, टॉर्च घेऊन. बहुतेकांचं इथेच फसतं. रेडिओचा ट्रे ६ १/४ इंच रुंद असतो पण आत जवळजवळ फूटभर जातो, वर त्याच्या मागे कनेक्टर आणि वायरी वळायला दोन-तीन इंच लागतात, आणि आरव्हीत मागे सबपॅनेल आणि रिब (आधाराचे पत्रे) आहेत. म्हणून प्रत्येक उपकरणाच्या खोलीइतका थर्माकोलचा ठोकळा करा आणि मागे चिकटवा. वायरीला इतकी ढील ठेवा की पॅनेल सोडून मांडीवर घेता यावं. होकायंत्राजवळ लोखंडी स्क्रू नको, पितळी वापरा, आणि जास्त करंटच्या वायरी त्याच्यापासून लांब. स्क्रीनला दिशा सांगणारा मॅग्नेटोमीटर तर इथे नकोच, पंखाच्या टोकाला किंवा शेपटीकडे.

विजेचं गणित एका संध्याकाळचं आहे. सतत चालणाऱ्या सगळ्या वस्तूंचे अँपिअर जोडा, बेरीज अल्टरनेटरच्या साधारण ८० टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे ६० अँपिअरचा असेल तर ४८. पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) धरायला विसरू नका.

बबल कॅनोपीतलं, म्हणजे फुग्यासारख्या पारदर्शक छताखालचं, ऊन हा वेगळाच छळ. पुठ्ठ्यावर स्क्रीनच्या जागी जुना टॅबलेट चिकटवा आणि दुपारी दोन वाजता विमान बाहेर काढून बसा, मला माझाच पांढरा टी-शर्ट दिसत होता. पॅनेलच्या वरचा भाग मॅट काळा करा.

एवढं सगळं महिनाभर तसंच राहू द्या, रोज येता-जाता बसून बघा, हलवावंसं वाटणं थांबलं की मग पत्रा. २०२४-टी३ ॲल्युमिनियम, ०.०६३ इंच जाड. सीएनसीवाला मिळाला तर त्याला फाइल द्या, नाहीतर होल सॉ आणि कानस. चौकोनी भोकाचे कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपऱ्यातून तडा जातो.

पॅसेंजरला दिसेल अशी "हे विमान हौशी माणसाने बांधलंय" छापाची इशारापट्टी नियमाने लागतेच. बाकी नावं मात्र लगेच कोरून घेऊ नका. सुरुवातीच्या चाचणीचे २५ ते ४० तास लेबल मेकरच्या चिकटपट्ट्यांवर काढा. माझ्या ओळखीच्या एकाने आधीच सुंदर कोरून घेतलं, आणि आता त्याच्या पॅनेलवर "लँडिंग लाइट" लिहिलेला स्विच फ्युएल पंप चालू करतो.