जलशुद्धीकरणात करिअर करायचंय? सुरुवात निवळण टाकीपासून करा

मुंबईत पाणी शुद्धीकरणाच्या प्रकल्पांवर मी प्रोसेस इंजिनिअर म्हणून काम करते. सिव्हिल किंवा एन्व्हायर्नमेंटल करून नुकतेच बाहेर पडलेले ट्रेनी आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांना पहिल्या दिवशी बघायचा असतो फिल्टर हाऊस, नाहीतर क्लोरीनची खोली. निवळण टाकीपाशी कोणी रेंगाळत नाही. पाणी थांबलं, गाळ खाली बसला, त्यात काय बघायचं? माझं मत उलटं आहे. ज्याला क्लॅरिफायर, म्हणजे हीच निवळण टाकी, वाचता येतो, त्याला प्लांट कळतो. फिल्टरच्या बहुतेक तक्रारी मागे ओढत नेल्या की इथेच येऊन थांबतात.

आधी थोडा हिशोब. स्टोक्सच्या नियमानुसार कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. 0.1 मिलिमीटरचा वाळूचा कण 3 मीटर खोल टाकीत सहा-सात मिनिटांत तळ गाठतो. 1 मायक्रॉनच्या मातीच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी महिन्याहून जास्त लागेल, आणि तेही पाणी अजिबात हललं नाही तर. टाकीत पाणी राहतं दोन-अडीच तास. म्हणजे मुंबईच्या तलावांतून येणारी बारीक माती आपणहून बसेल ही आशा सोडा. त्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, ते एकमेकांना दूर ढकलतात. तुरटी किंवा पीएसी, म्हणजे पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड, टाकून तो भार मोडायचा, मग हळूहळू ढवळून कणांची गाठ घालायची, आणि गुठळी मोठी झाली की मग टाकी. या गुठळीला प्लांटवर सगळे फ्लॉकच म्हणतात. निवळण टाकीचं काम बिघडलं की पहिली शंका टाकीवर घेऊ नका, त्याआधीच्या ढवळणीवर घ्या.

दुसरा हिशोब इंटरव्ह्यूमध्ये हमखास विचारतात. समजा 30 मीटर व्यासाचा क्लॅरिफायर आहे आणि त्यातून दिवसाला 24 दशलक्ष लिटर पाणी जातं. 24,000 घनमीटरला सुमारे 707 चौरस मीटरने भागलं की दिवसाला 34 मीटर येतात. हा सरफेस ओव्हरफ्लो रेट. क्लॅरिफायरसाठी आपल्याकडे साधारण 30 ते 40 धरतात, म्हणजे टाकी मापात आहे. पण नुसता आकडा पाठ करू नका, त्याचा अर्थ लावा. दिवसाला 34 मीटर म्हणजे मिनिटाला साधारण 2.4 सेंटीमीटर. पाणी या वेगाने वर चढतंय असं समजा. जो फ्लॉक याहून हळू पडतो, तो वेअरवरून, म्हणजे पाणी जिथून बाहेर पडतं त्या कडेवरून, पुढे जाणार. मग विचारतात, टाकी दुप्पट खोल केली तर? सुट्ट्या कणांच्या बाबतीत काहीच फरक नाही. क्षेत्रफळ महत्त्वाचं, हे अमेरिकन इंजिनिअर ॲलन हेझनने 1904 मध्येच मांडलं होतं. ट्यूब सेटलरच्या 60 अंशांत तिरक्या नळ्यांचं गुपितही तेच, तेवढ्याच जागेत बसायला जास्त पृष्ठभाग. फ्लॉक मात्र पडता पडता एकमेकांना चिकटून वाढतो, म्हणून तिथे खोलीचा थोडा फायदा होतो. एवढं दुसरं वाक्य जोडलंत तर समोरचा मान वर करून बघतो.

आता जार टेस्ट, म्हणजे तुरटीचा किंवा पीएसीचा डोस बीकरमध्ये करून बघायची चाचणी. कॉलेजात ती एक जर्नलपुरती होते, प्लांटवर ती रोजची भाकरी आहे. एक-एक लिटरचे सहा बीकर. 1 टक्क्याचं द्रावण करून घेतलं की 1 मिलिलिटर म्हणजे लिटरला 10 मिलिग्रॅम डोस, हिशोब सोपा राहतो. मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पंधरा-वीस मिनिटं संथ, मग पॅडल बंद करून अर्धा तास बसू द्यायचं. ट्रेनी मंडळी या अर्ध्या तासात चहाला जातात. जाऊ नका. खरी परीक्षा पॅडल थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत असते. एका बीकरमध्ये धुरकट पाणी तसंच राहतं, डोस कमी. एकात टाचणीच्या टोकाएवढे कण तरंगत राहतात, संपता संपत नाहीत. एकात रव्याएवढे फ्लॉक सरळ खाली येतात आणि दोन फ्लॉकच्या मधलं पाणी काचेसारखं दिसतं. मला तो बीकर हवा असतो. फ्लॉक कितीही मोठा असला तरी मधलं पाणी धूसर असेल तर डोस जमलेला नाही. जास्त डोस म्हणजे जास्त स्वच्छ पाणी हेही खरं नाही. भार उलटा होऊन कण पुन्हा एकमेकांना ढकलू लागतात. पीएच आणि क्षारता, म्हणजे आम्ल झेलायची पाण्याची ताकद, मोजायला विसरू नका. तुरटी क्षारता खाते, पीएसी त्यामानाने कमी.

टाकीवर काय बघायचं? सकाळी लाँडरच्या, म्हणजे निवळलेलं पाणी गोळा करणाऱ्या पन्हळीच्या, कडेने एक चक्कर मारा. वेअरवरच्या व्ही-नॉचमधून, म्हणजे व्ही आकाराच्या खाचांतून, पाणी सगळीकडे सारखं पडतंय का? एका बाजूचे नॉच भरून वाहतात आणि दुसऱ्या बाजूचे ठिबकतात, म्हणजे वेअरची पातळी गेली. पाणी जवळची वाट धरतंय, आणि कागदावरचे अडीच तास कागदावरच राहतात. मध्येच गाळाचे काळपट गोळे बुडबुड्यांसकट वर येत असतील, तर खालचा गाळ वेळेवर काढलेला नाही, तो कुजून वायू धरतोय. डोस वाढवून हे थांबत नाही, ब्लीड, म्हणजे तळातून गाळ सोडणं, वाढवावं लागतं. ऊन चढल्यावर एकाच बाजूने फ्लॉक ढगासारखा वर येत असेल, तर तापमानातल्या फरकाने तयार झालेला प्रवाह असू शकतो. पंप वाढवल्यावर लगेच कॅरीओव्हर, म्हणजे फ्लॉक पाण्याबरोबर वाहून जाणं, सुरू झाला, तर कारण शोधायला लांब जाऊ नका. हे सगळं ऑपरेटर काकांना लांबूनच कळतं. त्यांना प्रश्न विचारा. मॅन्युअलमध्ये जे नाही, ते त्यांच्या शिफ्टच्या वहीत असतं.

पावसाळा सगळ्यांत अवघड, असं नवीन माणसाला वाटतं. मुंबईला वैतरणा, तानसा, भातसा अशा धरणांचं पाणी येतं. धरणात पाणी साठून राहतं तेव्हाच जड माती बसून जाते, तरी जोराच्या पावसात गढूळपणा झपाट्याने वाढतो आणि दिवसातून अनेकदा जार टेस्ट लावावी लागते. पण गढूळ पाण्यात कण भरपूर, ते एकमेकांवर आदळतात, फ्लॉक चटकन वजन धरतो. मला जास्त छळतं ते उन्हाळ्यातलं जवळजवळ नितळ पाणी. कण इतके कमी की आदळायला कोणी मिळत नाही, त्यात शेवाळ, फ्लॉक पिसासारखा हलका. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे. परदेशी पुस्तकांतली उदाहरणं 10 अंशांच्या पाण्याची असतात. आपल्या कोमट पाण्याची स्निग्धता, म्हणजे प्रवाहाला होणारा आतला विरोध, त्याहून बरीच कमी, त्यामुळे तोच कण इथे जास्त वेगाने बसतो. गणित करताना तापमान बदलून घ्या.

आकड्यांपैकी दोन डोक्यात ठेवा. आयएस 10500 या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची गढूळता 1 एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळता मोजायचं एकक) स्वीकारार्ह, दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत चालवून घेतात. निवळून आलेलं पाणी 5 च्या आत असेल तर फिल्टर सुखाने दिवस काढतो. त्यापुढे गेलं की काही तासांत तुंबतो, बॅकवॉश, म्हणजे उलट्या प्रवाहाने फिल्टर धुणं, वाढतो, आणि त्यात शुद्ध केलेलंच पाणी जातं.

शिक्षणाचं म्हणाल, तर व्हीजेटीआय किंवा आयआयटी मुंबईतून एन्व्हायर्नमेंटलमध्ये पदव्युत्तर करता येतं, पण सिव्हिलच्या पदवीवरही सुरुवात होते. केमिस्ट्रीत बीएस्सी केलेल्यांसाठी प्रयोगशाळेची वाट आहे. महापालिकेत भरती निघते ती परीक्षेने. खासगीत डिझाइन आणि ऑपरेशन असे दोन रस्ते आहेत. पगाराचा फरक बघून थेट डिझाइनला जाऊ नका, आधी एक पावसाळा आणि एक उन्हाळा शिफ्टमध्ये काढा. भांडुपसारखा मोठा प्लांट आतून बघायचा असेल तर कॉलेजच्या पत्रावर रीतसर परवानगी काढा, गेटवर जाऊन उभं राहिल्याने आत सोडत नाहीत. भेट शक्यतो जुलैत ठरवा, आणि आत गेलात की फिल्टर हाऊसआधी क्लॅरिफायर दाखवायला सांगा.