आधी आकडे, मग खरेदी: पहिल्या गेमिंग पीसीची तयारी

कोरा कागद घ्या आणि त्यावर सगळ्यात वर मॉनिटर लिहा. बहुतेक जण सुरुवात प्रोसेसरपासून करतात आणि गणित तिथेच बिघडतं. पडद्यावर दर सेकंदाला किती ठिपके रंगवायचे आहेत हे कळल्याशिवाय ग्राफिक्स कार्ड किती ताकदीचं हवं ते ठरत नाही, आणि कार्ड ठरल्याशिवाय पॉवर सप्लाय, कॅबिनेट, काहीच ठरत नाही. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० बाय १४४० वर ३६.९ लाख आणि ३८४० बाय २१६० वर ८२.९ लाख, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. त्यापुढे रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा) लिहा: ६०, १४४, १६५ की २४० हर्ट्झ. आणि त्याखाली खेळांची नावं. काउंटर-स्ट्राइक २ सारख्या स्पर्धात्मक खेळात सेकंदाला फ्रेम, म्हणजे चित्रं, जास्त लागतात आणि भार प्रोसेसरवर येतो. सायबरपंक २०७७ रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र रंगवणं) लावून खेळायचा तर कार्ड आधी धापा टाकतं. पहिल्याच पीसीला ४के चा, म्हणजे ३८४० बाय २१६० चा, हट्ट नको. १४४० आणि १४४ हर्ट्झ ही जोडी डोळ्यांना सुखावते आणि खिशालाही झेपते.

आता ग्राफिक्स कार्ड. पूर्ण खर्चाचा तिसरा हिस्सा ते निम्मा इथे जाईल, जाऊ द्या. फ्रेमचे आकडे बघण्याआधी कार्डावरची मेमरी बघा. ती भरली की उरलेला डेटा पीसीआयई स्लॉटमधून (बोर्डवरची कार्ड लावायची खाच) मुख्य रॅमकडे ये-जा करू लागतो आणि खेळ अडखळतो. सरासरी फ्रेमरेट अशा वेळीही चांगला दिसतो, म्हणून चाचण्या वाचताना सरासरीऐवजी ‘१ टक्का लो’ (सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमचा वेग) हा आकडा पाहा. नवीन मोठ्या खेळांसाठी ८ जीबी आता तोकडी पडते. १४४० साठी १२ किंवा १६ जीबी घ्या. नावाला भुलू नका: आरटीएक्स ४०६० टीआय आणि ५०६० टीआय ही कार्डं एकाच नावाखाली ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत विकली गेली आहेत. हीच कार्डं स्लॉटच्या १६ पैकी ८ लेन (डेटाच्या वाटा) वापरतात, त्यामुळे जुन्या पीसीआयई ३ च्या बोर्डावर त्यांचा वेग थोडा घटतो.

कार्डापुढे तीन नोंदी करा: लांबी मिलिमीटरमध्ये, जाडी स्लॉटमध्ये, आणि वीज कुठल्या प्लगने घेतं ते. स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, आठ पिनी प्लगमधून १५०. बऱ्याच नव्या कार्डांना सोळा पिनी प्लग असतो, जो ६०० वॅटपर्यंत वाहून नेतो. हा प्लग पूर्ण आत बसलाच पाहिजे. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे प्लग वितळल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा अर्धवट बसवलेला प्लग हे एक मुख्य कारण निघालं. केबल प्लगच्या तोंडाशीच मुरडू नका. तीनेक सेंटिमीटर सरळ जाऊ द्या, मग वळवा. कॅबिनेटची काच लावताना ती केबलला दाबणार असेल, तर कॅबिनेट अरुंद आहे, केबल लांब नाही.

प्रोसेसरवर पहिल्यांदा बांधणारे गरजेपेक्षा जास्त खर्च करतात. गेमिंगपुरते सहा कोअर (चिपमधले काम करणारे गाभे) आणि बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) पुरतात. स्पर्धात्मक खेळांत शेवटची फ्रेम पिळून काढायची असेल तर एएमडीची एक्स३डी मालिका बघा: ५८००एक्स३डी (२०२२), ७८००एक्स३डी (२०२३) आणि ९८००एक्स३डी (२०२४) या तिन्हींत ९६ एमबी एल३ कॅश (चिपमधलीच झटपट मेमरी) आहे. खेळाचा डेटा तिथेच सापडला की रॅमपर्यंतचा हेलपाटा वाचतो. मात्र ४के वर, कार्ड आधीच दमलेलं असताना, हा फरक जवळपास दिसेनासा होतो.

नावाच्या शेपटीतली अक्षरं नीट वाचा. इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल तर आत ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या ७५००एफ चंही तेच. स्वस्त मिळतो म्हणून पुष्कळ जण हाच घेतात, पण पहिल्या जुळणीला ग्राफिक्स असलेला प्रोसेसर बरा. कार्ड सदोष निघालं तर निदान मदरबोर्डच्या पोर्टवर चित्र येतं आणि दोष कुणाचा ते कळतं. इंटेलची १३ वी किंवा १४ वी पिढी घेणार असाल तर बोर्डवर सप्टेंबर २०२४ किंवा त्यानंतरचं बायोस (बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर) चढवा. या चिपांना जास्त व्होल्टेज जाऊन त्या अस्थिर होत होत्या. इंटेलने तो दोष मायक्रोकोडमधून (चिपच्या आतल्या सूचनांमधून) आवरला, पण आधीच बिघडलेली चिप त्याने बरी होत नाही, म्हणून वापरलेली घेऊ नका.

मदरबोर्ड निवडताना चिपसेटच्या जाहिरातीपेक्षा सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा), रॅमची पिढी आणि बायोस या तीन गोष्टी तपासा. एएमडीचा एएम५ सॉकेट (२०२२ पासून) फक्त डीडीआर५ रॅम घेतो. इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये डीडीआर४ चे बोर्ड वेगळे आणि डीडीआर५ चे वेगळे. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. बसत नाही म्हणून जोर लावणारे भेटतात. बायोसचा घोळ सूक्ष्म आहे. बी६५० या एएमडी चिपसेटचा बोर्ड रायझन ७००० या प्रोसेसर मालिकेच्या काळात निघाला. ९००० मालिकेचा प्रोसेसर जुन्या बायोसवर सुरूच होणार नाही, पंखे फिरतील आणि पडदा काळा राहील. म्हणून मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्या. एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह, त्यात मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या नावाने ठेवलेली फाइल, ठरवून दिलेला यूएसबी पोर्ट. एवढ्यावर प्रोसेसर न लावताही बायोस बदलता येतं. नाव एका अक्षराने चुकलं तर काहीच होत नाही.

महागडा बोर्ड फ्रेम वाढवत नाही. एम.२ चे (पट्टीसारख्या एसएसडीचे) स्लॉट किती, पंख्यांच्या जोडण्या किती, वायफाय आहे का, कॅबिनेटच्या पुढच्या टाइप-सी पोर्टसाठी हेडर (बोर्डवरची जोडणी) आहे का, एवढं मोजा. एकाच नावाचा बोर्ड वायफायसह आणि वायफायविना असा दोन्ही मिळतो. ऑर्डर करताना तेवढं एक अक्षर निसटतं.

रॅम १६ जीबीच्या दोन पट्ट्या, एकाच पाकिटातल्या. एक ३२ ची पट्टी घेतली तर चॅनल (रॅम आणि प्रोसेसरमधली वाट) एकच चालतं. ८ च्या चार घेतल्या तर डीडीआर५ चा वेग पडतो; रायझन ७००० वर चार पट्ट्यांसाठी एएमडीची हमी फक्त ३६०० च्या वेगाची आहे. एएम५ साठी ६००० चा वेग आणि सीएल३० (सीएल म्हणजे रॅमच्या उत्तराला लागणारी चक्रं) ही सरळ निवड. नुसता मोठा वेग पाहू नका. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागा, म्हणजे विलंब नॅनोसेकंदांत मिळतो: ६००० ला ३० चे १०, आणि जुन्या डीडीआर४ च्या ३२०० ला १६ चेही १०. पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा.

एसएसडीत एकच फसवणूक आहे, आकाराची. एम.२ हा फक्त आकार. त्याच आकारात साटा (जुन्या, संथ जोडणीचा) ड्राइव्हही येतो, सेकंदाला जेमतेम ५५० एमबी देणारा. पीसीआयई ४ चा एनव्हीएमई (पीसीआयईवरून चालणारा वेगवान ड्राइव्ह) ७००० च्या घरात जातो. पाकिटावर एनव्हीएमई हा शब्द आणि २२८० (२२ बाय ८० मिलिमीटर) हा आकडा बघून घ्या. पीसीआयई ५ चे ड्राइव्ह तापतात जास्त आणि खेळांत फरक दाखवत नाहीत, ते सोडा. एकेक खेळ १०० जीबीच्या वर जातो, तेव्हा १ टीबी हा किमान आकडा.

पॉवर सप्लायवर थोडं थांबायला हवं, कारण इथली चूक एकटी जात नाही, शेजाऱ्यांना घेऊन जाते. बेरीज अशी करा: प्रोसेसर १२० वॅट, कार्ड २२०, बाकी बोर्ड, रॅम, पंखे, ड्राइव्ह मिळून ७५, झाले ४१५. त्यावर ६५० वॅटचा सप्लाय आरामात पुरतो, हजाराची गरज नाही. वरची मोकळीक लागते ती क्षणिक उसळीसाठी. कार्ड काही मायक्रोसेकंद सरासरीच्या दुप्पट वीज ओढू शकतं, आणि सप्लायला ते सोसलं नाही तर ऐन खेळात पीसी एकदम बंद पडतो. एटीएक्स ३.० किंवा त्यापुढच्या प्रमाणाचा सप्लाय या उसळीचा हिशेब धरूनच बनवलेला असतो. ८० प्लसचं सोनेरी लेबल कार्यक्षमता सांगतं, बांधणीचा दर्जा नाही; त्यासाठी आत उघडून तपासलेल्या चाचण्या वाचा.

मॉड्युलर (सप्लायपासून सुट्या होणाऱ्या) केबलचा नियम पाठच करा: दुसऱ्या सप्लायची केबल कधीही वापरायची नाही. सप्लायच्या बाजूला पिनांचा क्रम प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने ठरवते. प्लग बसतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन ड्राइव्ह जळतो. प्रोसेसरचा आठ पिनी प्लग चार अधिक चार असा फुटतो आणि कार्डाचा सहा अधिक दोन. दिसायला भावंडं, तारा उलट्या. कार्डाला दोन आठ पिनी प्लग लागत असतील तर दोन वेगळ्या केबल ओढा, एकाच केबलची दोन तोंडं नकोत.

कॅबिनेट शेवटी निवडा, दिसायला आवडलं म्हणून आधी नको. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. कार्डासाठी दिलेल्या लांबीतून पुढे (पाण्याच्या कूलरचा) रेडिएटर लावणार असाल तर त्याची आणि पंख्यांची जाडी वजा करा, साधारण २७ अधिक २५. याच वजाबाकीत कार्ड अडतं. एअर कूलरची उंची आणि कॅबिनेटची मर्यादा शेजारीशेजारी लिहा. दोन्ही १५८ असतील तर दुसरं काहीतरी बघा. पुढचा भाग जाळीचा हवा, काचेचा असला तर पंखे आतलीच गरम हवा घुसळतात. पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा. सहा कोअरच्या प्रोसेसरला चांगला एअर कूलर भरपूर होतो. तो एएम५ वर बसतो का ते बघा, कारण एएम५ ची मागची प्लेट सॉकेटशी जोडलेलीच असते आणि स्वतःची प्लेट आणणारे काही जुने कूलर तिथे बसत नाहीत.

सगळे भाग एकाच आठवड्यात मागवा. प्रोसेसर आज आणि रॅम दोन महिन्यांनी आली, तर बोर्ड तपासण्याआधीच त्याची परत करण्याची मुदत संपलेली असते.

जुळणीच्या दिवसासाठी टेबलावर हवं ते असं: चुंबकीय टोकाचा दोन नंबरचा चौफुली स्क्रूड्रायव्हर, एम.२ च्या स्क्रूसाठी त्याहून बारीक एक, स्क्रू ठेवायला वाट्या, केबल बांधायच्या पट्ट्या, टॉर्च. किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज आधीच तयार ठेवा आणि दुसऱ्यावर बोर्डच्या वायफाय आणि लॅनचे ड्रायव्हर. विंडोज ११ बसवताना इंटरनेट मागतं, आणि इंटरनेटचा ड्रायव्हर इंटरनेटवर असतो.

एएम५ आणि इंटेलमध्ये पिना सॉकेटमध्ये असतात, प्रोसेसरवर नाही. एक पिन वाकली तरी रॅमचं एक चॅनल गायब होऊ शकतं. सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा, बोर्ड परत द्यायची वेळ आली तर ते मागतात. कूलरच्या तळाची आणि एम.२ च्या हीटसिंकखालच्या पॅडची पातळ फिल्म सोला. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी. कॅबिनेटमध्ये बोर्डखालचे पितळी खिळे बोर्डच्या भोकांइतकेच आणि त्यांच्याच जागी. जास्तीचा एक खिळा बोर्डच्या मागे टेकला की शॉर्ट. बोर्ड कॅबिनेटमध्ये लावण्याआधी तो त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर आणि रॅम लावून एकदा चालू करा. बिघाड असेल तर तो इथे दहा मिनिटांत सापडतो, आत बसवल्यावर दोन तास जातात.

डीडीआर५ वर पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड रॅम जोखत असतो. घाबरून वीज तोडू नका. खूपच वेळ गेला तर बोर्डवरचे सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट हे चार दिवे बघा, जो पेटून राहिला तिथे अडलंय. दिवे सगळे विझले आणि चित्र नाही, तर बहुतेकदा मॉनिटरची केबल कार्डाऐवजी बोर्डला लावलेली असते. बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी (रॅमच्या छापील वेगाची तयार मांडणी) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच चालत राहील. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसू देणारी सोय) चालू आहे का तेही बघा, सिक्युअर बूटही (सुरू होताना फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी तपासणी); काही खेळांची फसवणूकविरोधी यंत्रणा त्याशिवाय खेळ उघडू देत नाही. रात्री मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून झोपा. सकाळी एक जरी चूक दिसली तर रॅम बदलून मागा. रायझन ७६००एक्स सारखी चिप पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत गेली तर ती तिची ठरवलेली मर्यादा आहे, पण खेळतानाही ती तिथेच चिकटून राहिली तर कूलर काढून फिल्म बघा.

आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट हाताने १४४ करा. तो बहुतेकदा ६० वरच असतो.