आंदोलनांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवताना या चुका टाळा

आंदोलनांची आणि उपेक्षित वस्त्यांची छायाचित्र-प्रदर्शने मी आवर्जून पाहतो. छायाचित्रे बहुधा उत्तम असतात. घात होतो तो त्यांच्याखालच्या मजकुरात. छायाचित्रकार महिनोन्महिने वस्तीत राबतो आणि ओळी मात्र उद्घाटनाच्या आदल्या रात्री आठवतील तशा लिहितो. या एका चुकीने सगळ्या मेहनतीवर पाणी पडते.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचला. त्यावरच्या एका प्रदर्शनात सोललेल्या तळपायांच्या छायाचित्राखाली ‘कर्जाने पिचलेला शेतकरी’ एवढीच ओळ होती. मोर्चात चाललेल्या सुरगाण्याकडच्या एक आजी नातीबरोबर तेथे आल्या होत्या. नातीने ओळ वाचून दाखवताच त्या संयोजकांना म्हणाल्या, “कर्ज नव्हतं आमचं. कसतो ती जमीन नावावर करा म्हणून चाललो आम्ही.” संयोजकांनी मान डोलावली आणि ओळ शेवटच्या दिवसापर्यंत तशीच राहिली. कर्जमाफी ही मोर्चाची मागणी होतीच; पण चालणाऱ्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क देणाऱ्या २००६ च्या वनहक्क कायद्याची अंमलबजावणी हा त्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न होता. त्या ओळीने हक्क मागणाऱ्या माणसाला केवळ कीव करण्याजोगा करून टाकले. त्याच प्रदर्शनात रात्रीच्या रस्त्यावरील गर्दीचे एक सुंदर छायाचित्र होते, परंतु दहावीच्या परीक्षार्थींना त्रास होऊ नये म्हणून मोर्चेकरी सोमय्या मैदानावरून आझाद मैदानापर्यंत रात्रीच चालत गेले, हे कोठेही लिहिलेले नव्हते. ते ठाऊक नसेल, तर पाहणाऱ्याला फक्त अंधार आणि डोकी दिसतात.

माझी पद्धत साधी आहे. छायाचित्रातल्या माणसाचे नाव तो सांगेल तसे, गाव, तारीख आणि त्याची मागणी मी त्याच संध्याकाळी वहीत उतरवतो आणि छापण्यापूर्वी ती ओळ फोनवर त्याला वाचून दाखवतो. यात वेळ जातो, आणि ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी असे प्रदर्शन हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक संमतीची. कागदावर सही किंवा अंगठा घेतला की काम झाले, असे नवशिक्यांना वाटते. मोर्चात फोटो काढू देणारी बाई कलादालनाच्या भिंतीवर तीन फुटी चेहरा लावायला राजी असेलच असे नाही. तिला छापील प्रत दाखवून पुन्हा विचारावे लागते, आणि दिलेली संमती ती केव्हाही मागे घेऊ शकते. जपानमधील मिनामाता येथे पाऱ्याच्या विषबाधेने जन्मतः अपंग झालेल्या मुलीला आई न्हाऊ घालत असल्याचे अमेरिकन छायाचित्रकार युजीन स्मिथ यांनी १९७१ मध्ये टिपलेले छायाचित्र जगभर गाजले. तरीही पुढे मुलीच्या मृत्यूनंतर आईवडिलांच्या इच्छेला मान देऊन त्या छायाचित्राचे हक्क असलेल्या, युजीन यांच्या एकेकाळच्या पत्नी आयलीन स्मिथ यांनी १९९८ मध्ये त्याच्या वापराचा निर्णय त्यांच्याकडे सोपवला. इतक्या मोठ्या छायाचित्राबाबत हे होऊ शकते, तर आपल्यालाही एक चौकट भिंतीवरून उतरवता आली पाहिजे. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणे तर कायद्यानेच गुन्हा आहे, आणि डोळ्यांवर काळी पट्टी मारून ती लपत नाही. घराचे दार, साडी आणि गावाचे नाव सगळे सांगून टाकतात.

गांभीर्य यावे म्हणून सरसकट कृष्णधवल करू नका. ६ डिसेंबरच्या चैत्यभूमीवरचा निळा आणि लाँग मार्चमधल्या टोप्यांचा लाल हे रंग म्हणजेच त्या चळवळींची ओळख आहे. चकाकणारी काच टाळा. मजकूर हातभर अंतरावरून वाचता येईल एवढा मोठा आणि आधी मराठीत असू द्या.

शहरातील दालनाची तारीख घेण्याआधी प्रदर्शन वस्तीतल्या समाजमंदिरात लावा. तेथे दोरी आणि चिमटे पुरतात, आणि चुकीची नावे, चुकलेली गावे, नको असलेले चेहरे पहिल्याच संध्याकाळी कळतात. प्रती विकायच्या असतील, तर किंमत आणि त्यातला वाटा यांची बोलणीही तेथेच, सर्वांसमोर करा.