दोन स्वल्पविराम आणि भिजलेल्या पेट्या

पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमधून द्राक्षांचे इंग्रजी मेल मीच लिहितो. एकदा लिहिलं, ‘द बॉक्सेस, विच वेअर वेट, वेअर रिजेक्टेड.’ भिजल्या होत्या चारच पेट्या. पण त्या दोन स्वल्पविरामांनी अर्थ झाला, सगळ्याच भिजल्या! खरेदीदाराचा लगेच फोन. ठरावीक पेट्याच सांगायच्या असतील तर दोन्ही स्वल्पविराम काढा, ‘विच’च्या जागी ‘दॅट’ घाला.

दुसरी खोड मराठीतून येते: ‘द ट्रक इज लेट, वुई विल लोड टुमारो.’ दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडू नका. पूर्णविराम द्या, नाहीतर स्वल्पविरामापुढे ‘सो’ टाका.

यादीत शेवटच्या ‘अँड’आधी स्वल्पविराम? अमेरिकी बहुधा देतात, ब्रिटिश बहुधा टाळतात. मी गिऱ्हाईक बघून ठरवतो.