अँटिबॉडी चाचणीचा अहवाल कसा वाचावा
कोविडची लागण सध्या आहे का, हे ठरवण्यासाठी अँटिबॉडी चाचणी करू नये. त्यासाठी आरटी-पीसीआरच (नाका-घशातील नमुन्यात विषाणू शोधणारी चाचणी) करावी, कारण रक्तात आयजीजी प्रतिपिंडे (दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रकारच्या अँटिबॉडी) दिसू लागण्यास साधारण दोन-तीन आठवडे जातात. अहवालात प्रतिपिंडे विषाणूच्या कोणत्या प्रथिनाविरुद्धची आहेत, हे आधी पाहावे. कोविशील्ड घेतलेल्यांमध्ये स्पाइकविरोधी (विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाविरुद्धची) प्रतिपिंडे बहुधा सापडतातच, कारण ही लस फक्त त्याच प्रथिनावर आधारलेली आहे. न्यूक्लिओकॅप्सिडविरोधी (विषाणूच्या आतील प्रथिनाविरुद्धची) सापडली, तर मात्र संसर्ग होऊन गेला असे समजावे. (कोव्हॅक्सिनमध्ये संपूर्ण निष्क्रिय विषाणू असल्याने तेथे हा निकष लागू पडत नाही.) आकडा मोठा आला म्हणून निर्धास्त होऊ नये. या चाचणीचा खरा उपयोग, माझ्या मते, समूहाचा अंदाज घेण्यासाठीच आहे: जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत झालेल्या सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्तीतील १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली.