गोंदाची बाटली उघडण्याआधी

माझ्या घरात पुस्तकांचं एक कपाट आहे, मीच केलेलं. त्याचं डावं दार कडी लावली नाही तर आपोआप उघडतं आणि उजवं आपोआप बंद होतं. पाहुण्यांना गंमत वाटते. बिजागऱ्यांचा दोष नाही, जमीनही सपाट आहे, पाणसळ ठेवून तीनदा बघितली. कपाटच वाकडं आहे. माथा तळापेक्षा १२ मिलिमीटर डावीकडे सरकलाय. आता दुसरं करायला घेतलंय, म्हणून ही यादी. मागच्या वेळी यादी नव्हती असं नाही. चांगली दोन पानी होती, रंगीत पेनांनी लिहिलेली. तिच्यात एक गोष्ट नव्हती: कोरडी जुळणी. म्हणजे गोंदाचा थेंबही न लावता अख्खं कपाट एकदा जोडून बघायचं. ती पुढे येईलच, आणि तुम्ही कंटाळेपर्यंत येईल.

आधी मापं. जागा खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यांत लहान माप धरा. सबंध कामाला एकच टेप वापरा. टेपच्या टोकाची नखी किंचित हलते, ती सैल झालेली नसते. नखीच्या जाडीइतकीच ती हलायला ठेवलेली असते, म्हणजे कडेला अडकवून मोजा नाहीतर भिंतीला टेकवून मोजा, आकडा बरोबर येतो. ती ठोकून घट्ट करू नका. मी केली होती. चांगला टेप होता.

उंच कपाट करणार असाल तर आणखी एक माप घ्या, जे कुणीच घेत नाही. कपाट जमिनीवर आडवं जोडलं जातं आणि मग उभं केलं जातं. उभं होताना छताला कपाटाची उंची लागत नाही, बाजूचा कर्ण लागतो. छत २४०० मिमीवर आणि कपाट २३५० बाय ६०० खोलीचं असेल तर कागदावर ५० मिमी जागा उरते. पण कर्ण येतो २४२५, आणि कपाट छताला अडकून तिरकं उभं राहतं. पुस्तकांच्या कपाटाची खोली ३०० धरली तर कर्ण २३६९, मग निभावतं. ज्या दारातून कपाट बाहेर काढायचं ते दारही याच वेळी मोजा.

फळीची लांबी हा मोहाचा विषय. लांबलचक फळी दिसायला छान दिसते आणि वर्षभरात झोळी होते. पुस्तकांनी भरलेल्या मीटरभर फळीवर साधारण ३० किलो वजन येतं. लांबी दुप्पट केली की, मीटरमागे वजन तेवढंच धरलं तरी, झोळ सोळापट होतो. जाडी दुप्पट केली तर तो आठपट कमी होतो, पण ३६ मिमीच्या फळ्या उचलणार कोण? १८ मिमी प्लायला ७५ सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नका. जायचंच असेल तर पुढच्या कडेला चाळीसेक मिमी उंचीची लाकडी पट्टी उभी चिकटवा, किंवा मध्ये उभा आधार द्या. माझ्या ९०० मिमी रुंदीच्या कपाटात मधला आधार आहे, आणि कपाटातली तेवढीच एक गोष्ट शहाणपणाने झाली.

आता कापण्याचा आराखडा. प्लायचा ताव २४४० बाय १२२० मिमीचा. १२२० मधून ३०५ च्या चार पट्ट्या निघतात, हो ना? नाही निघत. करवतीचं पातं स्वतःच्या जाडीइतकं लाकूड भुसा करून टाकतं. पातं ३ मिमीचं असेल तर तीन कापांत ९ मिमी गेले आणि चौथी पट्टी २९६ ची. म्हणून आराखड्यात प्रत्येक कापाची जागा धरा. शिवाय १८ चा म्हणून आणलेला प्लाय नेमका १८ चा असेलच असं नाही, अर्धा मिमी इकडेतिकडे असतो. व्हर्नियरने, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या पट्टीने, मोजा आणि जे येईल त्यावरून फळ्यांची लांबी पुन्हा काढा. बाजूच्या दोन फळ्यांची जाडी आतल्या मापातून दोनदा वजा होते, तिथेच गडबड होते.

हत्यारं तुम्हाला माहीत आहेत. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी), टेप, धारदार पेन्सिल, करवत, ड्रिल, पटाशी (लाकूड तासायची), पॉलिश पेपर, आणि क्लॅम्प, म्हणजे गोंद वाळेपर्यंत तुकडे आवळून धरणारे शिकंजे. गुण्या खरा आहे का ते एकदा बघा: सरळ कडेला टेकवून रेघ मारा, उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा मारा, दोन रेघा एकावर एक आल्या तर खरा. चष्मा आणि धुळीचा मास्क हवाच. फिरणाऱ्या पात्याजवळ हातमोजे मात्र नकोत, पातं मोज्याला पकडतं आणि मोज्यासोबत हाताला ओढतं. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस हेही त्यातच. पातं बदलताना प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

कापताना चांगली बाजू कुठे, याचा गोंधळ माझा अजून होतो, म्हणून लिहून ठेवते. हातात धरायच्या गोल करवतीचे दात खालून वर येतात आणि वरची बाजू फाटते, तेव्हा चांगली बाजू खाली. साध्या हातकरवतीने उलटं, चांगली बाजू वर. काप जिथे जायचा तिथे चिकटपट्टी लावा, कपच्या कमी निघतात.

आडव्या फळ्या बाजूच्या फळ्यांतल्या खाचांत बसतात. त्या खाचा करताना आधी त्याच प्लायच्या तुकड्यावर एक खाच करून बघा. फळी तळहाताच्या दाबाने आत सरकली पाहिजे. हातोडा लागत असेल तर खाच अरुंद आहे. ‘घट्ट आहे म्हणजे मजबूत आहे’ हा विचार मीही केला होता. सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदात पाणी असतं. ते लाकडात शिरतं, लाकूड फुगतं, आणि कोरडं असताना घट्ट बसणारी फळी ओली झाली की अर्ध्यात अडकते. पुढे जात नाही, मागेही येत नाही.

आणि बाजूच्या दोन फळ्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असायला हव्यात, जुळ्या नव्हेत. दोन्ही डाव्याच कापून ठेवणारी मी पहिली नाही. खाचा मारण्याआधी दोन्ही फळ्या पुस्तकासारख्या उघडून शेजारी ठेवा आणि दोघींवर मिळून एक मोठा त्रिकोण काढा, टोक वरच्या बाजूला. आडव्या फळ्यांवर क्रमांक घाला. क्रमांक अशा ठिकाणी घाला जिथे पॉलिश पेपर फिरणार नाही. माझे सगळे क्रमांक घासकामात पुसले गेले होते.

तर कोरडी जुळणी.

मागच्या वेळी काय झालं ते सांगते. संध्याकाळ झाली होती, सगळे तुकडे कापून, घासून भिंतीला टेकवून ठेवले होते, इतके देखणे दिसत होते की जोडल्याशिवाय झोप लागली नसती. तळ, माथा आणि मधल्या तीन फळ्या, म्हणजे दहा खाचा. मी दहाही खाचांत गोंद घातला. पहिल्या तीन फळ्या बसल्या. चौथी अर्ध्यात थांबली. नवरा पलीकडून बाजू धरून उभा होता, म्हणाला, “अगं, हे आत जात नाहीये.” मी हातोडा घेतला. चौथी जराशी सरकली आणि पहिली निसटली. मग क्लॅम्प लावायला गेले तर दोनच पुरेशा रुंदीचे निघाले, बाकीचे ९०० ला पोचेनात. गोंद एव्हाना ओढायला लागला होता, बोटाला तार येत होती. दोरी बांधली, काठीने पिळली, जे जसं होतं तसं आवळलं आणि देवावर हवाला ठेवला. सकाळी कर्ण मोजले. एक २००७, दुसरा २०१८. अकरा मिलिमीटर. तोवर गोंद दगड झाला होता.

हे सगळं कोरड्या जुळणीत कळलं असतं. चौथी खाच अरुंद आहे हे कळलं असतं. क्लॅम्प अपुरे आहेत हे कळलं असतं. नवऱ्याने कुठे उभं राहायचं तेही कळलं असतं. गोंद नसताना फळी अडकली तर आपण ती काढतो, चहा पितो, पटाशीने खाच जरा रुंद करतो. गोंद असताना अडकली तर हातात आठ-दहा मिनिटं असतात, गरम हवेत त्याहून कमी, आणि घाईत माणूस हातोडाच उचलतो.

म्हणून: सगळे तुकडे. सगळ्या खाचा. सगळे क्लॅम्प, नुसते शेजारी ठेवून नव्हे, लावून आणि आवळून. पाठीचा प्लायसुद्धा बसवून बघा, कारण काटकोनात कापलेली पाठ चौकटीला काटकोनात धरून ठेवते. मी ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवली होती, शाबास. क्लॅम्प लागल्यावर दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेने एक क्लॅम्प तिरका लावून हळूहळू आवळा, दोन्ही आकडे एक होईपर्यंत. हे कसं करायचं ते कोरड्यातच शिकून घ्या. ओल्यात शिकायला वेळ नसतो.

‘तुकडे अचूक कापलेत, कोरडी जुळणी कशाला?’ अचूक कापलेत ना, मग पंधरा मिनिटांत होईल. करा.

‘दोन-दोन फळ्या जोडून बघितल्यात.’ नाही चालत. प्रत्येक सांध्यात अर्धा मिमी खपतो, पाच फळ्यांचे अर्धे-अर्धे मिमी एकत्र आले की पाचवी बसत नाही. अख्खं जोडा.

परवा नव्या कपाटाची कोरडी जुळणी केली. दोनदा केली, घड्याळ लावून. पहिल्यांदा २३ मिनिटं लागली, कारण खालून जाणाऱ्या क्लॅम्पची मूठ जमिनीला लागत होती आणि फिरेनाच. मग सगळा डोलारा उतरवून खाली दोन जाड ठोकळे घातले. दुसऱ्यांदा ९ मिनिटं. तरी जास्तच, म्हणून ठरवलं की एकदम सगळं चिकटवायचं नाही: आधी पाचही फळ्या एका बाजूत, दुसरी बाजू कोरडीच वर बसवून आवळायची, आणि ती बाजू दुसऱ्या दिवशी चिकटवायची. ठोकळे आणि मूठ ही गोष्ट कुठल्या यादीत सापडली असती? कोरडी जुळणी केली म्हणून सापडली.

गोंदाच्या दिवशी, बाटली उघडण्याआधी: क्लॅम्प हव्या त्या मापाला उघडून रांगेत. जबड्याखाली घालायला प्लायचे तुकडे, नाहीतर गोल खळगे पडतात. ब्रश, ओलं फडकं, टेप, गुण्या. तुकडे ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने. मदतीला येणाऱ्याला आधीच समजावलेलं. फोन दुसऱ्या खोलीत. आणि कोरडी जुळणी उलगडून ठेवलेली, म्हणजे ती झालेली आहे. झाली नसेल तर बाटली परत ठेवा.

बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा. वाळलेल्या गोंदावर पॉलिश चढत नाही, पांढुरके डाग राहतात. कर्ण पुन्हा मोजा. हो, पुन्हा. तासाभराने क्लॅम्प काढले तरी चालतात, पण चोवीस तास वजन देऊ नका.

पुढचं पटापट. घासकाम ८० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग १२०, मग १८०, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. मधला टप्पा गाळू नका. धूळ पुसा. पॉलिशचे दोन पातळ हात, मध्ये हलकं घासून. जवसाचं तेल वापरलंत तर त्याच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, त्या आपोआप तापतात आणि पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.

कपाट वरून भिंतीला बांधाच. मुलं खणांवर पाय देऊन चढतात. भिंतीत भोक पाडण्याआधी वायर कुठून गेलीय ते बघा, बटणांच्या सरळ वर-खाली सहसा असतेच.

दारं सगळ्यांत शेवटी. दारांबद्दल मला विचारू नका.