ओला कचरा: ओट्यावरून ढकलगाडीपर्यंत

पुण्यात रोज सकाळी दारात येणारी कचरावेचक ताई आपला ओला डबा तिच्या बादलीत पालथा करते. त्यात ब्लेड आहे की काच, हे तिला हात घातल्यावरच कळतं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून तिच्या सदस्यांनी घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली. ओल्या कचऱ्याचं खत किंवा गॅस होणार की तो डेपोत सडणार, हे ठरतं आपण ओट्यापाशी तो टाकतो त्याच क्षणी. एकदा मिसळलेला कचरा नंतर निवडणं हे दुसऱ्याच्या हातांवर ढकललेलं काम असतं, आणि ते कधीच पूर्ण होत नाही.

डबा कसा असावा

चौघांच्या घरात रोज साधारण एक किलो ओला कचरा निघतो, आंब्याच्या दिवसांत त्याहून जास्त. त्याला सहा-सात लिटरची झाकणाची बादली पुरते. बादलीत जाळीची टोपली बसवा आणि तिच्या तळाशी एक पालथी वाटी ठेवा, म्हणजे टोपली दोन बोटं उचललेली राहते आणि पाणी खाली निथळतं. हे निथळलेलं पाणी सकाळी मोरीत ओता. टोपलीच्या तळाला वर्तमानपत्राचा अर्धा कागद घाला. तो कचऱ्याबरोबर गेला तरी चालतो, कागद कुजतो.

प्लास्टिकची पिशवी मात्र लावू नका. पिशवीत बांधलेला कचरा रात्रभर हवेविना आंबतो, म्हणून तिच्यातून येणारा वास उघड्या डब्यापेक्षा उग्र असतो. शिवाय ताईला ती पिशवी फाडून कचरा मोकळा करावा लागतो आणि फाटलेले तुकडे त्यातच राहतात. ‘कुजणारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्याही नकोत. त्यांना कुजायला मोठ्या खत प्रकल्पातली उष्णता आणि बराच वेळ लागतो, आणि प्रकल्पातल्या माणसाला ती पिशवी साध्या प्लास्टिकहून वेगळी ओळखू येत नाही.

काय टाकायचं, काय नाही

भाज्यांची देठं, फळांची सालं, उष्टं-खरकटं, शिळी पोळी, चहाचा चोथा, हाडं, माशांचे काटे हे सगळं ओल्यात जातं. चोथा गाळण्यातच दाबून घ्या. आमटी-ताकासारखं पातळ उरलं असेल तर गाळून फक्त चोथा टाका. डब्याला वास येतो त्याचं पहिलं कारण पाणी असतं, अन्न नव्हे. तळणीचं तेल ना डब्यात, ना मोरीत. बाटलीत साठवा आणि वापरलेलं तेल घेणारा तुमच्या भागात असेल तर त्याला द्या. थोडंच असेल तर जुन्या कागदात टिपून तो कागद टाका.

खरा गोंधळ बारीक गोष्टींचा असतो. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा हा ओल्या कचऱ्यात हमखास सापडणारा प्लास्टिकचा तुकडा. कोपरा पूर्ण तोडू नका, एका बाजूने जोडलेला राहील एवढीच चीर द्या. मग पिशवी धुऊन, वाळवून सुक्यात घाला. मेथी-कोथिंबिरीच्या जुडीचं रबर, सफरचंदावरचं स्टिकर, टी बॅगची पिन आणि दोरा, गजऱ्याचा दोरा हे भाजी निवडतानाच बाजूला काढा. ओट्यावर एक छोटी वाटी त्यासाठीच ठेवली की हाताला सवय लागते.

करवंट्या, शहाळी आणि आंब्याच्या कोयी यांची गोष्ट वेगळी आहे. त्या कुजतात, पण सावकाश. पुण्यात प्रभागांत दिवसाला ५ टन कचरा घेतील असे बायोगॅस प्रकल्प उभारले गेले. तिथे कचरा दळून, पाणी घालून त्याची रबडी करतात. करवंटीने दळणयंत्राची पाती बोथट होतात, प्लास्टिक दांड्याला गुंडाळलं जातं, आणि आत पोचलेलं प्लास्टिक टाकीच्या वर तरंगून सायीसारखा थर धरतो. त्या थरामुळे गॅसला वर यायला वाट राहत नाही. अंड्याची टरफलं आणि माती तळाशी साचतात. म्हणून करवंट्या-शहाळी वेगळ्या ठेवा आणि त्या कुठे द्यायच्या ते ताईला विचारा. झाडांचा पालापाचोळाही वेगळाच, तो खताला उत्तम, गॅसला निरुपयोगी. घरच्या चार लिंबांच्या सालांनी काही बिघडत नाही. रसवंती किंवा ज्यूस सेंटरची पोतीभर मोसंबीची सालं मात्र एकदम टाकीत गेली तर आतलं आम्ल वाढतं आणि गॅस बनवणारे जिवाणू मंदावतात. असा धंदा असेल तर सालांची व्यवस्था वेगळी लावा.

सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा आणि वेगळे हातात द्या. लाल ठिपक्याची ही खूण दिसली की पुडी उघडून पाहावी लागत नाही. फुटलेली काच आणि ब्लेड जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ किंवा ‘ब्लेड’ असं लिहा. ही पुडी ओल्या डब्यात कधीच नको.

वास, अळ्या, चिलटं

माशी उघड्या अन्नावर अंडी घालते आणि उन्हाळ्यात एका दिवसात अळ्या दिसू लागतात. त्यामुळे झाकण घट्ट हवं आणि डबा रोज रिकामा व्हायला हवा. मासे-मटण आणल्यावर वर मूठभर लाकडाचा भुसा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा कोरडा पाचोळा पसरा. भुसा ओल शोषतो, माशीला अन्नापर्यंत पोचू देत नाही. डबा रिकामा झाला की धुऊन उन्हात पालथा ठेवा. फिनेल टाकून वास झाकला जातो, पण ते कचऱ्याबरोबर गेलं तर कुजवणारे जिवाणूच मरतात.

सोसायटीत आणि सणात

सोसायटीच्या १२० लिटरच्या चाकांच्या डब्यात ओला कचरा पाऊण भागापर्यंतच भरा, काठोकाठ भरलेला डबा बाईमाणसाला एकटीने उताराने ओढवत नाही. पावसाळ्यात झाकणं उघडी राहिली की डब्यात पाणी साचतं आणि वजन भलतंच वाढतं, म्हणून डबे छताखाली घ्या.

गणपतीत निर्माल्य ओल्या कचऱ्यात मिसळू नका. हारातला दोरा, जरी, थर्माकोलची मखर आणि प्लास्टिकची फुलं काढून फक्त फुलं-पत्री वेगळ्या पिशवीतून न्या आणि विसर्जन घाटावरच्या निर्माल्य कलशात रिकामी करा. पिशवी परत घरी आणा.

ताई एखादा दिवस आली नाही तर डबा जिन्यात ठेवू नका, कुत्री-मांजरं तो उपसतात. माशांची डोकी, कोळंबीची सालं असं लवकर सडणारं झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि ती येईल त्या सकाळीच बाहेर काढा. दोन दिवस गावाला जाताना हीच युक्ती. ती आल्यावर डबा तिच्या हातात देताना आत काही टोकदार असण्याची शंका असेल तर तसं तिला आधी सांगा.